मामाचं ‘म्हणे’

दि. २१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण फोनवर तू ‘बरी आहे’च्या पुढे जात नाहीस आणि मीही ‘आम्ही पण’च्या पुढे जात नाही. खाण तशी माती.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, आणि मेसेज केला तर तो जेवायच्या वेळेपर्यंत सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरून माझ्याकडेच परत येईल. आपल्या घराण्यात तेवढी एकी आहे.

घरचं सांगायचं तर गाडी सर्व्हिसिंगला गेली आहे, त्यामुळे आज ड्रायव्हिंग स्कूलला कुलूप. तुझे बाबा बाल्कनीत कुंड्यांशी गप्पा मारताहेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या कुंड्यांना मिळालं तेवढं त्यांचं बोलणं माझ्या वाट्याला आलेलं नाही. आणि हो, बँकेतल्या बाई परीक्षा पास झाल्या. त्याच गं, समोर कबुतर दिसलं तरी ब्रेक दाबायच्या त्या. परीक्षकांनी त्यांना चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला लावली, तर जराही मागे न घसरता उचलली. परीक्षक काच खाली करून मला म्हणाले, “तुमच्याकडे शिकल्या ना? वाटलंच.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आता मुद्द्यावर येते. हे पत्र मी मामाच्या सांगण्यावरून लिहिते आहे.

रविवारी सगळे आपल्याकडे जमले होते. मामा, मामी, तुझे मोठे काका आणि काकू. विषय एकच. तुमच्या ॲपनं मामाचं ‘मामा सांगतो’ हे व्हिडिओंचं खातं कायमचं बंद केलं, आणि ज्या कंपनीनं ते बंद केलं तिथेच त्याची सख्खी भाची लोकांच्या तक्रारी वाचून निकाल द्यायला बसते. मग काय, सगळ्यांना आयतंच उत्तर सापडलं. मोठे काका म्हणाले, चार बुकं शिकली की पोरांना घरची माणसं दिसेनाशी होतात. काकूंनी मान डोलावली, त्या कशालाही डोलावतात. मामा म्हणाला, “घरच्याच पोरीनं मला वाळीत टाकलं.” मग त्यानं माझ्यापुढे कागद सरकवला आणि मजकूरच सांगायला लागला: तुझ्या मामाने तुला सायकल शिकवली हे तू विसरलीस काय, वगैरे. भाचीनं साहेबांच्या कानावर घालून खातं परत सुरू करून द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मजकूर माझा मी लिहीन, तू चहा घे.

तर हा माझा मजकूर.

‘मामा सांगतो’ हे नाव तूच दिलेलं. फर्निचरच्या दुकानातली नोकरी सुटल्यावर तो आपल्याकडे येऊन तास न्‌ तास भिंतीकडे बघत बसायचा. तू सुट्टीवर आलीस, फोन उभा कसा करायचा ते त्याला शिकवलंस आणि म्हणालीस, मामा, तुला जे येतं ते सांग. आणि त्याला काय काय येत होतं! गळकी तोटी कशी आवळायची, लाकडावरचा कपाचा गोल डाग कसा घालवायचा, फुगलेलं दार कुठे तासायचं. माणसं बघायची, खाली ‘थँक्यू मामा’ लिहायची. माझा भाऊ पुन्हा माणसात आला, आणि ते तुझ्यामुळे, हे मी विसरलेली नाही. तोही विसरलेला नाही. म्हणून तर त्याला जास्त लागलं आहे.

मग कधीतरी त्यानं पाठदुखीवर काहीतरी सांगितलं, आणि तोटीला कधी बघितलं नव्हतं इतक्या लोकांनी ते बघितलं. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, हाही चढला. पाठीवरून गुडघा, गुडघ्यावरून पोट, असं करत करत स्वारी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांवर पोचली.

लहानपणी तू त्याला ‘म्हणेमामा’ म्हणायचीस. त्याच्या प्रत्येक वाक्याला ते शेपूट असायचंच. वरच्या मजल्यावरचे घर विकताहेत म्हणे. केळं सालासकट खावं म्हणे. आपण हसायचो आणि सोडून द्यायचो. कारण ‘म्हणे’ आलं की ऐकणाऱ्याला कळतं, हे ह्याचं स्वतःचं नाही, कुठूनतरी कानावर आलेलं आहे, ज्याचं त्यानं बघून घ्यावं. उचलली जीभ लावली टाळ्याला असा माणूस, पण त्या दोन अक्षरांपुरता तो प्रामाणिक होता.

मध्यंतरी तो आपल्या पुढच्या खोलीत व्हिडिओ करायला आला होता, तिथे उजेड चांगला पडतो म्हणून. मी शेजारी बसून शिकाऊ लोकांच्या वेळा लावत होते. तो बोलला, “प्रेशरच्या गोळ्या रोज घेतल्या की शरीर त्यांचं गुलाम होतं म्हणे.” मग थांबला, च्च केलं, आणि पुन्हा पहिल्यापासून बोलला. सगळं तेच, फक्त शेवटचं ‘म्हणे’ नाही. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, “ताई, ‘म्हणे’ म्हटलं की लोक पुढचं बघतच नाहीत.” मला हसू आलं. तुझ्या बाबांना जाऊन सांगितलं, तेही हसले.

इथपर्यंत तुला थोडंफार माहीत आहे. ह्यापुढचं आम्ही तुझ्यापासून लपवलं.

थोड्या दिवसांनी तोच व्हिडिओ माझ्या फोनवर आला. माझी खोली, माझा पडदा, माझाच भाऊ. मी तो बघितला, पुन्हा बघितला, आणि मला पटला. हसू नकोस. ते शेपूट तोडताना मी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी पटला. समोर बसून बोलत होता तेव्हा मी त्याच्याकडे धड लक्षही दिलं नव्हतं, आणि फोनमध्ये तोच माणूस इतका शांत, इतका ठाम! वाटलं, एवढे लोक बघताहेत, काहीतरी असणार. मी माझ्या प्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. बाबांना सांगितलं नाही. तुला तर नाहीच नाही.

मला ताप आला म्हणून स्कूल बंद ठेवलंय असं तुला कळवलं होतं ना? ताप नव्हता.

बँकेतल्या बाई गाडी चालवत होत्या. मोठा रस्ता, पुढे ट्रक. तिसरा गिअर टाका, एवढं मी म्हटल्याचं आठवतं. पुढचं सगळं बाईंच्या तोंडून कळलेलं, म्हणून इथे मी ‘म्हणे’ लावते. माझी मान खिडकीवर पडली म्हणे. बाईंनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढली, आणि मग किंचाळल्या म्हणे. ह्याच क्रमानं! मी शिकवलेल्या क्रमानं! माझ्या पायाशी माझा वेगळा ब्रेक असतो, शिकणारा चुकला तर मी दाबायचा. त्या दिवशी तो दाबणारी मी नव्हतेच. बाईंनी घाबरून सगळं सोडून दिलं असतं, तर आम्ही दोघी गेलो असतो आणि फुटपाथवरच्या कोणाला घेऊन गेलो असतो.

डॉक्टरांनी झाडायचं तेवढं झाडलं. पण खरे ओरडले ते तुझे बाबा. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. त्यांचा आवाज एवढा चढतो हे मलाच नव्यानं कळलं. ओरडून झालं आणि खुर्चीवर बसून रडले. तेव्हापासून रोज सकाळी गोळी आणि पाणी घेऊन स्वतः समोर उभे राहतात, गिळेपर्यंत हलत नाहीत. तुला कळवायचं नाही असं मीच बजावलं. तू कामं टाकून धावत आली असतीस, आणि मला तुझ्या नजरेला नजर द्यायची लाज वाटत होती. गाडी चालवायला शिकवणारी बाई मी, आणि मलाच कोणी असं कान धरून न्यावं!

घरी आल्यावर मामाला बोलावलं आणि सगळं सांगितलं. तो हादरला गं. माझे हात धरून रडला, माझ्यासमोरच तो व्हिडिओ काढून टाकला. मला वाटलं, झालं, मिटलं. पण दोन-तीन आठवडे गेले आणि नवे आले. आता म्हणे तो ‘गोळ्या सोडा’ असं सांगत नव्हता, नुसते प्रश्न विचारत होता. डॉक्टर आपल्याला आयुष्यभर गोळ्यांवर का ठेवतात, विचार करा मंडळी! मग मी त्याच्या घरी गेले. त्यानं मला लोकांची कौतुकं वाचून दाखवली, ह्याला गुण आला, त्याला गुण आला. मी म्हटलं, बहिणीला आला नाही ते? तर म्हणाला, तुझं वेगळं होतं, ताई. तुमच्या कंपनीनं त्याला इशारे पाठवले, तेही तो पदकासारखे सगळ्यांना दाखवत सुटला. खरं बोललं की असंच होतं, म्हणे.

मग खातं बंद झालं, आणि मामीनं तुला फोन केला. तुमचं बोलणं तिनं मला लगेच येऊन सांगितलं, रागानं लाल होऊन. तू म्हणालीस म्हणे, की मामाचं नाव दिसल्याबरोबर मी साहेबांना सांगितलं, हा माझा मामा आहे, ही फाइल मी उघडणार नाही, दुसऱ्या कोणाला द्या. मामी म्हणाली, मग निदान सोडवायचं तरी होतंस! आणि तू म्हणालीस, “मामी, उघडली असती तरी सोडवलं नसतं.”

“बघा वन्सं, तुमची लेक!” मामी म्हणत होती. आणि तुझी आई ओट्याकडे तोंड करून उभी होती, कारण तिचा ऊर भरून आला होता आणि ते मामीला दिसू द्यायचं नव्हतं. बघतेच आहे, म्हटलं मनात. माझीच आहे.

पण मंगळवारी तू फोनवर म्हणालीस, आई, मी हे काम सोडून देते, माझ्यापायी तुमचं बहीणभावाचं तुटायला नको. तुझ्यापायी काहीही तुटत नाहीये. मूळ गोष्ट मी अजून लिहिलीच नाही. ताकाला जाऊन भांडं किती लपवू? पण ती आधी ज्याच्या कानावर जायला हवी त्याला सांगून येते. पत्र इथेच ठेवते आहे.

संध्याकाळ

जाऊन आले. आता लिहायला हात मोकळा झाला.

भिंगरे, मामाविरुद्धची तक्रार मी केली होती.

त्याच्या घरून परत आले त्या दिवशी, इथेच ह्या टेबलाशी बसून. बाबांना चष्मा लावून शेजारी बसवलं, कुठलं बटण ते दोघांनी मिळून शोधलं. खाली लिहायला जागा होती, तिथे सगळं लिहिलं. दवाखाना, ट्रक, बँकेतल्या बाई, काढून टाकलेला व्हिडिओ आणि मागून आलेले नवे. तू ती फाइल उघडली असतीस ना, तर दुसऱ्या ओळीला ओळखलं असतंस की ही भाषा कोणाची. तू उघडली नाहीस म्हणून तुला आजवर कळलं नाही. तुझ्या सचोटीचा ह्याहून मोठा दाखला मला कोणी देऊ शकणार नाही.

आणि इतके दिवस सगळे तुला बोलत होते, तेव्हा मी गप्प का बसले? भाऊ जाईल म्हणून. एवढंच कारण आहे, दुसरं नाही.

मामा आतल्या खोलीत होता. व्हिडिओसाठी आणलेला तो गोल दिवा कोपऱ्यात, त्याच्या स्टँडवर मामीनं टॉवेल वाळत घातलेले. मला बघून म्हणाला, “लिहिलंस?”

“तक्रार मी केली होती,” मी म्हटलं. “पोरीचा काडीचा संबंध नाही.”

तो हसला आधी. मी पोरीला वाचवायला आले आहे असं वाटलं त्याला. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला.

“ताई, तू?”

“दोनदा सांगितलं, एकदा तर तुझ्या दारात येऊन. ऐकलं नाहीस. मग जे ऐकवू शकतात त्यांना सांगितलं.”

मग तो बोलायला लागला, आणि त्याचं सगळंच बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, हे तुला प्रामाणिकपणे सांगते. म्हणाला, खरं काय नि खोटं काय, हे ठरवणारे ते कोण? आज मला बंद केलं, उद्या खरं बोलणाऱ्याला करतील, तेव्हा तू कोणाकडे तक्रार करशील? आणि गोळ्यांचं जाऊ दे, माझ्या तोट्या नि डाग नि दारं, तेही सगळं पुसून टाकलं, त्यानं कोणाचं काय वाईट केलं होतं? हे शेवटचं त्याचं खरं होतं. ते गेल्याचं मलाही वाईट वाटतं. चांगलं काम होतं ते.

पण बाकीच्याचं उत्तर मी दिलं. म्हटलं, हे बघ, माझ्याकडे शिकायला येणारा चुकला तर मी त्याला गाडीतून उतरवत नाही. चुकणारच, शिकायलाच आलाय. पण सांगितल्यावर रडतो, आणि माझी पाठ वळली की पुन्हा फुटपाथवर गाडी घालतो, त्याच्याकडून मी किल्ली घेते. किल्ली घेतली म्हणजे त्याचे पाय कापले असं नाही. तू बोल ना. घरात बोल, चौकात बोल, माझ्यासमोर बसून बोल, मी ऐकेन, भांडेन. पण माझ्यासारख्या हजार बायका त्या फोनपुढे बसलेल्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी बँकेतल्या बाई नाहीत.

मामी दारात येऊन उभी राहिली होती. दवाखान्याचं तिला आजच कळलं, त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं. शेवटी मामा उठला, खिडकीपाशी गेला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

“मग आता राग तुझ्यावर. पोरीला सांग, तिच्यावर नाही.”

मी बरं म्हटलं आणि निघाले. त्यानं थांब म्हटलं नाही, मीही वळून बघितलं नाही. फाटकापर्यंत मामी आली. तिनं नुसता माझा हात दाबला. आपलेच दात, आपलेच ओठ, काय बोलणार ती तरी. पण खरं सांगू? परत येताना मला त्याचाही थोडा अभिमान वाटला. एवढ्या रागात पोरीला बाजूला काढायचं त्याला सुचलं. तो मुळात वाईट नाही. कधी बोलेल माझ्याशी ते माहीत नाही. बोलेल किंवा नाही बोलणार. ते आमचं बहीणभावाचं आहे, ते मी बघेन. तू त्यात पडायचं नाहीस.

ग्रुपवर मी आत्ताच लिहून टाकलं आहे, तक्रार माझी, निकाल कंपनीचा, माझ्या लेकीनं फाइलला हातही लावलेला नाही. मोठ्या काकांनी वाचलं असं दिसतंय. उत्तर नाही. काकूंनी अंगठा पाठवला आहे.

आता तुझं. राजीनामा लिहिला असशील तर फाडून टाक. मामा म्हणाला ना, ठरवणारे ते कोण? प्रश्न बरोबर आहे त्याचा. कोणालातरी तिथे बसावंच लागणार, आणि जो बसेल त्याच्या हातात लोकांची तोंडं बंद करायची ताकद येणार. म्हणूनच तिथे अशी पोरगी पाहिजे, जी मामाचं नाव बघून खुर्चीतून उठते आणि मामीनं विचारलं तर खोटं बोलत नाही. अशी उठली तर मग तिथे बसणार कोण? मला रात्री झोप लागायची असेल तर तू तिथे बसलेली असली पाहिजेस.

तुझ्या नोकरीचं नाव मला अजून चारचौघांत धड सांगता येत नाही. आतापर्यंत कोणी विचारलं की ‘कंप्यूटरचं काहीतरी’ म्हणून वेळ मारून नेत होते. उद्यापासून नीट सांगेन.

तक्रार करताना खाली एक चौकोन होता, ‘माझे नाव गुप्त ठेवा’. तिथे मी खूण केली होती. ह्या पत्राची प्रत उद्या मामाकडेही जाते आहे, आणि खाली सही आहे.

तुझी आई,
आणि त्याची ताई